१७ व्या होलवरचा एक स्ट्रोक: चौदा वर्षांच्या गुआनला झालेला दंड आणि ज्युनियर स्पर्धेचा लोकल रूल्सचा कागद

१२ एप्रिल २०१३, शुक्रवार, अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल कोर्सवर मास्टर्स या मोठ्या गोल्फ स्पर्धेचा दुसरा राउंड चालू आहे. चीनमधल्या ग्वांगझूचा तियानलांग गुआन, वय १४ वर्षं ५ महिने, १७ व्या होलवर दुसरा शॉट मारतो आणि रेफरी त्याला एका स्ट्रोकचा, म्हणजे एका फटक्याचा, दंड लावतो. बॉल पाण्यात नाही गेला, चुकीचा बॉल नाही मारला, बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, क्लब (मारायची काठी) नाही टेकवला. शॉट मारायला वेळ जास्त घेतला, एवढंच.

हे प्रकरण गोल्फवाल्यांना माहीत असतं पण बहुतेकांना ते "बिचाऱ्या पोराला दंड केला" एवढंच आठवतं. मला ते ज्युनियर स्पर्धांच्या बाजूने नीट उलगडून बघायचंय, कारण आपल्याकडे पोरांच्या स्पर्धेत जो लोकल रूल्स आणि कंडिशन्सचा (त्या स्पर्धेपुरत्या नियम-अटींचा) कागद टी वर, म्हणजे सुरुवातीच्या जागेवर, हातात देतात त्यातलं सगळ्यात दुर्लक्षित कलम हेच असतं, खेळाच्या वेगाचं. आणि माझं ठाम मत आहे की ते कलम नीट लिहिणं आणि पोरांना लहानपणापासून लावणं ही त्यांच्यावरची दया आहे, जाच नाही.

आधी मुलगा कोण ते. नोव्हेंबर २०१२ मध्ये थायलंडच्या अमाता स्प्रिंग कोर्सवर एशिया-पॅसिफिक अमॅच्युअर चॅम्पियनशिप झाली, ती गुआनने एका स्ट्रोकने जिंकली, दुसरा आला तैवानचा सी. टी. पॅन (हाच पॅन पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये ब्राँझ घेऊन गेला). ही स्पर्धा २००९ पासून होते आणि जिंकणाऱ्याला थेट मास्टर्सचं आमंत्रण मिळतं. तर असा हा मास्टर्सच्या इतिहासातला सगळ्यात लहान खेळाडू. गुरुवारी पहिल्या राउंडला ७३ मारले, म्हणजे पारच्या (अपेक्षित फटक्यांच्या) फक्त एक वर, आणि तेही त्या कोर्सवर जिथे त्याचा ड्राइव्ह (होलचा पहिला लांब फटका) बाकीच्यांच्या बराच मागे पडत होता. जिथे मोठे खेळाडू ८ नाहीतर ९ आयर्न काढत होते तिथे हा हायब्रिड किंवा फेअरवे वूड (जास्त लांबच्या शॉटचे क्लब) काढत होता. हे लक्षात ठेवा, पुढे वेळेच्या हिशोबात ते येणार आहे.

ग्रुप तिघांचा होता. एक बेन क्रेनशॉ, ६१ वर्षांचा, १९८४ आणि १९९५ चा मास्टर्स विजेता. दुसरा इटलीचा मातेओ मानासेरो, ज्याने २०१० मध्ये १६ व्या वर्षी इथेच कट (दोन राउंडनंतर पुढे खेळायला मिळण्याची मर्यादा) पार केला होता, तेव्हापर्यंतचा सगळ्यात लहान. आणि तिसरा गुआन, जो तोच विक्रम मोडायच्या वाटेवर होता.

आता त्या दिवशी काय घडलं ते क्रमाने बघू, कारण सगळी गंमत क्रमात आहे. ऑगस्टाच्या कॉम्पिटिशन कमिटीने नंतर जे निवेदन दिलं त्यात हा क्रम स्पष्ट आहे. १० व्या होलला हा ग्रुप "आउट ऑफ पोझिशन" ठरला, म्हणजे ठरलेल्या वेळेच्याही मागे आणि पुढच्या ग्रुपपासूनही तुटलेला. मग १२ व्या होलपासून गुआनचं टायमिंग सुरू झालं. १३ व्या होलवर दुसऱ्या शॉटनंतर त्याला पहिली वॉर्निंग मिळाली. आणि १७ व्या होलवर दुसऱ्या शॉटला त्याने ४० सेकंदांची मर्यादा पुन्हा ओलांडली, निवेदनातल्या शब्दांचा भाव असा की थोडीथोडकी नाही, चांगलीच. तेव्हा दंड. घड्याळ धरणारा रेफरी होता युरोपियन टूरचा (युरोपातल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेचा) जॉन पॅरामोर, या कामातला अत्यंत अनुभवी माणूस.

म्हणजे एकदम काही झालं नाही. आधी ग्रुप मागे पडला, मग घड्याळ लागलं, मग इशारा, मग दंड. मधल्या १४, १५, १६ वर त्याच्या नावावर एकही वाईट वेळ (मर्यादेपेक्षा उशिरा मारलेला शॉट) लागली नाही, याचा अर्थ पोराला वेळेत खेळता येत होतं.

आता नियमाचं बघा, इथे खरी मजा आहे. २०१३ मध्ये विनाकारण उशिराचा हा नियम ६-७ होता. त्यात मूळ दंड होता दोन स्ट्रोकचा. मग गुआनला एकच का? तर त्या नियमाखाली एक टीप होती: कमिटीला हवं असेल तर ती स्पर्धेच्या कंडिशन्समध्ये वेगाची मार्गदर्शक तत्त्वं लिहू शकते, त्यात राउंडला, होलला किंवा एका शॉटला जास्तीत जास्त किती वेळ हे ठरवू शकते, आणि स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या प्रकारात) दंडाची पायरी बदलू शकते, पहिल्या वेळी एक स्ट्रोक, दुसऱ्या वेळी दोन, त्यानंतर बाद. म्हणजे ते ४० सेकंद त्या नियमात कुठेही छापलेले नव्हते, ते कमिटीने आपल्या कागदावर लिहिले म्हणून लागू झाले. तो एक वाचलेला स्ट्रोकही त्याच कागदामुळे वाचला. लोक म्हणतात की त्या कागदाने पोराचं नुकसान केलं, पण कागद नसता तर उलट जास्त नुकसान झालं असतं, एक तर थेट दोन स्ट्रोक, आणि तेही कशाला "विनाकारण उशीर" म्हणायचं ते रेफरीच्या मनावर.

त्या दिवशी वारा होता आणि सारखा दिशा बदलत होता. गुआन शॉटच्या आधी गवत उपटून हवेत सोडून बघायचा, मग बॅगेपाशी कॅडीशी (बॅग वाहणाऱ्या मदतनिसाशी) बोलायचा (कॅडी ऑगस्टाचाच स्थानिक होता), मग एक क्लब काढायचा, पुन्हा वारा बघायचा, क्लब परत आत, दुसरा बाहेर. ४० सेकंद म्हणजे किती ते एकदा मोबाइलवर स्टॉपवॉच लावून बघा, दोन वेळा गवत उडवलं आणि एकदा क्लब बदलला की संपतात. घड्याळ सुरू होतं ते खेळाडूची पाळी आल्यावर आणि त्याला अडथळ्याशिवाय खेळता येत असेल तेव्हापासून, बॉलपर्यंत चालत यायचा वेळ त्यात धरत नाहीत. म्हणजे जो मुलगा आपली पाळी यायच्या आधीच वारा बघून, अंतर बघून, क्लब ठरवून ठेवतो त्याला ४० सेकंद भरपूर होतात. जो पाळी आल्यावर विचार सुरू करतो त्याला कधीच पुरत नाहीत.

१३ वा होल पार ५ आहे, ग्रीनच्या (खळगीभोवतीच्या बारीक गवताच्या) अगदी समोरून ओढा जातो. १७ वा पार ४, ४४० यार्डांचा. आखूड ड्राइव्ह मारणाऱ्या मुलाला १७ वर दुसरा शॉट लांबचा उरतो, आणि लांबच्या शॉटला बदलत्या वाऱ्यात एका क्लबचा फरक म्हणजे ग्रीन की ग्रीनच्या बाहेर. म्हणून मी मघाशी म्हटलं की त्याचं अंतर वेळेच्या हिशोबात येतं, शॉट जितका लांब तितका निर्णय अवघड आणि तितका वेळ जास्त. हे कारण खरं आहे, सहानुभूतीचंही आहे, पण सूट मागण्याचं नाही, कारण आखूड मारणारा प्रत्येक जण तेच सांगेल.

सोबतच्यांच्या प्रतिक्रिया बघण्यासारख्या आहेत. क्रेनशॉला फार वाईट वाटलं होतं, त्याचं म्हणणं असं की पोरगा चौदा वर्षांचा आहे, असा वारा असला की माणूस निर्णय बदलणारच. मानासेरोलाही वाईट वाटलं होतं, पण तो जास्त सरळ बोलला, गुआन कधीकधी खरंच वेळ जास्त घेतो आणि ज्या प्रश्नांची उत्तरं त्याला स्वतःला माहीत असतात तीही कॅडीला विचारत बसतो, असा त्याचा सूर होता. हे निरीक्षण मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण ते नुकताच किशोरवयातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूने केलंय. आणि गुआन स्वतः? वारा सारखा बदलत होता म्हणून अवघड गेलं, पण निर्णयाचा आदर करतो, असं तो शांतपणे म्हणाला आणि विषय संपवला.

विषय बाकीच्यांनी मात्र संपवला नाही, आणि त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. पीजीए टूरवर (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत) स्लो प्लेसाठी त्याआधीचा शेवटचा स्ट्रोकचा दंड झाला होता १९९५ मध्ये, होंडा क्लासिकला ग्लेन डेला. मधली अठरा वर्षं मोठमोठे खेळाडू एकेका पटवर (ग्रीनवरच्या फटक्यावर) मिनिट मिनिट उभे राहत होते आणि दंड कुणालाही नाही. आता मास्टर्स ही पीजीए टूरने चालवलेली स्पर्धा नाही, ऑगस्टा ती स्वतः चालवतं, आणि पॅरामोर युरोपातून आलेला, तिकडे घड्याळ जास्त काटेकोर असायचं, त्यामुळे तांत्रिक तुलना तितकी बरोबर नाही. पण बघणाऱ्याला काय दिसलं? सगळे सुटतात, चौदा वर्षांचं पोर सापडतं. माझं म्हणणं, दंड बरोबरच होता. अन्याय झाला असेल तर तो बाकीच्यांना न लावण्यात झाला. एकाला नियम बरोबर लावला म्हणून तो चूक होत नाही, बाकीच्यांना लावला नाही हे चूक होतं, आणि त्याचा उपाय गुआनचा स्ट्रोक परत देणं हा नव्हताच.

त्याच शुक्रवारी दुसरंही एक प्रकरण झालं म्हणून गोंधळ अजून वाढला. टायगर वूड्सचा बॉल १५ व्या होलवर फ्लॅगस्टिकला लागून पाण्यात गेला, त्याने ड्रॉप घेतला (बॉल नव्याने जमिनीवर सोडला) तो मूळ जागेपासून साधारण दोन यार्ड मागे, म्हणजे चुकीच्या जागी. ७१ चं स्कोअरचं कार्ड सही करून दिलं. नंतर मुलाखतीत स्वतःच सांगितलं की मुद्दाम थोडा मागे ड्रॉप केला. शनिवारी सकाळी कमिटीने दोन स्ट्रोक वाढवून ७३ केले, पण चुकीच्या कार्डासाठी बाद केलं नाही, कारण तो राउंड संपवायच्या आधीच कमिटीने व्हिडिओ बघून, त्याच्याशी न बोलता, काही चूक नाही असं ठरवून टाकलं होतं. म्हणजे चूक काही अंशी कमिटीची. लोकांनी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या आणि म्हटलं, मोठ्याला सांभाळलं, लहानाला झोडलं. माझ्या मते दोन्हीत फरक हा आहे की गुआनच्या बाबतीत कमिटीने प्रत्येक पायरी तिथल्या तिथे केली आणि खेळाडूला तोंडावर सांगितली, वूड्सच्या बाबतीत खेळाडूशी बोलायचं राहून गेलं. ज्युनियर स्पर्धा घेणाऱ्यांनी यातून उचलायची गोष्ट ही की शंका आली की कार्डावर सही व्हायच्या आधी मुलाशी बोला.

कार्डाचा विषय निघालाच आहे तर. गुआनच्या कार्डावर १७ ला ५ लागले. दंड विसरून ४ लिहून सही केली असती तर तो बाद झाला असता, कारण प्रत्यक्षापेक्षा कमी स्कोअर लिहिला तर तेव्हाही बाद आणि आजही बाद. माहीत नसलेला दंड लिहायचा राहिला तर आता सूट आहे, पण इथे तर दंड तोंडावर सांगितलेला होता. मोठ्यांच्या स्पर्धेत हे आपोआप सांभाळलं जातं, स्कोअरिंगला माणसं बसलेली असतात. पोरांच्या स्पर्धेत मार्कर (कार्डावर स्कोअर लिहिणारा) म्हणजे दुसरं पोरच. त्यामुळे रेफरीने मार्करलाही तिथेच सांगायला हवं की याच्या या होलवर एक वाढव, आणि स्कोअरिंगच्या टेबलावर निरोप पोचायला हवा. एका स्ट्रोकच्या दंडाचं रूपांतर बाद होण्यात व्हायला नको.

आता त्या एका स्ट्रोकची किंमत. शुक्रवारचा राउंड ७५, एकूण १४८, पारच्या ४ वर. दंड नसता तर ७४ आणि ३ वर. मास्टर्सचा तेव्हाचा कटचा नियम असा होता की पहिले ५० आणि बरोबरीचे, शिवाय जो कोणी आघाडीच्या १० स्ट्रोकच्या आत असेल तो (हा १० स्ट्रोकचा नियम २०२० पासून काढून टाकला). गुआनला हवा होता तो दुसरा दरवाजा. आघाडीवर होता ऑस्ट्रेलियाचा जेसन डे, ६ खाली, १३८. १३८ अधिक १०, बरोबर १४८. डेने एक बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) जास्त मारली असती तर हा एक स्ट्रोक गुआनला घरी पाठवून गेला असता. डेचा राउंड संपेपर्यंत पोराला काहीच कळायला मार्ग नव्हता. शेवटी टिकला, मानासेरोचा विक्रम मोडला, आणि तो मोडताना मानासेरो त्याच ग्रुपमध्ये शेजारी खेळत होता. पुढे ७७ आणि ७५, एकूण १२ वर, ५८ वा, आणि कट पार केलेला एकमेव अमॅच्युअर (हौशी खेळाडू) म्हणून सिल्व्हर कप. चार राउंडमध्ये एकही डबल बोगी (पारपेक्षा दोन जास्त) नाही, एकही थ्री-पट (एका ग्रीनवर तीन पट) नाही. दोनच आठवड्यांनी न्यू ऑर्लीन्सच्या झुरिक क्लासिकमध्येही कट पार केला. म्हणजे दंडाने पोर खचलं वगैरे काही नाही झालं.

मग ज्युनियर स्पर्धांशी याचा संबंध काय? गुआनला ४० सेकंदांची सवय ऑगस्टावर, चाळीस हजार डोळ्यांसमोर लावावी लागली नसती तर बरं झालं असतं. चौदाव्या वर्षापर्यंत मुलगा शेकडो राउंड खेळलेला असतो. त्यातल्या एखाद्या साध्या स्पर्धेत, जिथे हरण्यासारखं फारसं काही नाही, कुणीतरी घड्याळ धरून म्हणायला हवं, बाळा, हा शॉट उशिरा झाला, पुढचा वेळेत मार.

आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या कोर्सवर पोरांच्या स्पर्धेचे कागद बघा. आउट ऑफ बाउंड्स पांढऱ्या खुंट्या, पेनल्टी एरिया लाल-पिवळ्या खुंट्या, ग्राउंड अंडर रिपेअर निळ्या किंवा पांढऱ्या रेषा, कार्ट पाथवरून फुकट रिलीफ, डिस्टन्स मोजायचं यंत्र चालेल की नाही, हे सगळं नीट असतं. आणि शेवटी एक ओळ, "खेळाडूंनी योग्य वेगाने खेळावे". या ओळीला काहीच अर्थ नाही. योग्य म्हणजे किती? मागे पडलो हे कोण सांगणार? सांगितल्यावर काय होणार? ज्या कलमात आकडा नाही आणि पायरी नाही ते कलम लागतच नाही, आणि लागलं तर रेफरीच्या मूडवर लागतं, मग आईवडील भांडतात आणि त्यांचं चुकतही नाही.

२०१९ मध्ये नियमांचं पुस्तक नव्याने लिहिलं गेलं त्यात हे बरंच सोपं झालंय. वेग आता नियम ५.६ मध्ये आहे. विनाकारण उशीर केला तर पहिल्या वेळी एक स्ट्रोक, दुसऱ्या वेळी दोन (मॅच प्लेमध्ये, म्हणजे होलागणिक जिंकायच्या प्रकारात, होल जातो), तिसऱ्यांदा बाद. म्हणजे जी पायरी २०१३ मध्ये कमिटीला मुद्दाम कंडिशन्समध्ये लिहावी लागत होती ती आता मूळ नियमातच आली. ४० सेकंदांत शॉट मारावा ही शिफारसही पुस्तकात आली, पण शिफारसच, दंड लावायचा तर कमिटीचं स्वतःचं वेगाचं धोरण लागतं, आणि त्याचे तयार मसुदे मॉडेल लोकल रूल्सच्या के मालिकेत दिलेले आहेत. ते उचला आणि वापरा, नव्याने शब्द शोधायची गरज नाही. त्यात एक चांगली गोष्ट आहे, ग्रीनकडे जाणारा शॉट, चिप (ग्रीनजवळचा छोटा फटका), पट किंवा पार ३ चा टी शॉट जो पहिल्यांदा खेळतो त्याला ५० सेकंद, बाकीच्यांना ४०. कारण पहिल्याला कुणाचा बॉल बघून काही कळत नाही. गुआनसारखा आखूड मारणारा मुलगा ग्रुपमध्ये बहुतेक वेळा पहिलाच खेळतो, कारण त्याचा बॉल सगळ्यात मागे असतो. ज्युनियर स्पर्धेत तर उंची आणि ताकदीत इतका फरक असतो की हे दहा सेकंद त्या लहान चणीच्या पोराचा हक्कच आहेत.

एक वाद मात्र खरा आहे आणि त्याचं उत्तर मला सोपं वाटत नाही. मागे पडतो तो ग्रुप, घड्याळ लागतं ते एकेकाला. ऑगस्टावर त्या ग्रुपमध्ये ६१ वर्षांचा क्रेनशॉही होता, ग्रुप मागे पडला त्यात सगळ्यांचा थोडा वाटा असणारच, पण दंड त्यालाच झाला ज्याचे शॉट उशिरा झाले. हे मला न्याय्य वाटतं. अमेरिकेतल्या ज्युनियर असोसिएशनची पद्धत वेगळी आहे, तिथे कोर्सवर ठरावीक ठिकाणी चेकपॉइंट असतात, ग्रुप वेळेत आला तर हिरवं कार्ड, नाहीतर लाल, आणि लाल कार्डं जमली की स्ट्रोकचा दंड. यात माणसं कमी लागतात, प्रत्येक ग्रुपमागे स्टॉपवॉच घेऊन रेफरी लागत नाही, आणि पोरं एकमेकांना हलवत राहतात हाही फायदा. तोटा हा की एक संथ मुलगा बाकी दोघांना ओढून नेतो. बारा-तेरा वर्षांची मुलगी दुसऱ्या मुलीला "लवकर मार" असं म्हणू शकत नाही, म्हणायला धजत नाही, आणि तिने म्हणावंही का. म्हणून मी स्वतः मिश्र पद्धतीच्या बाजूने आहे: चेकपॉइंटवर ग्रुपची वेळ बघा, ग्रुप मागे असेल तर रेफरी पाठवा, आणि त्यापुढे घड्याळ आणि दंड एकेकाचा. ऑगस्टावर झालं तेच, फक्त चेकपॉइंट छापलेले.

वॉर्निंग कशी द्यायची याबद्दल. गुआनचं इंग्रजी चांगलं होतं, त्याला काय सांगितलं ते कळलं. आपल्याकडे नागपूरहून, नाशिकहून आलेलं पोर, किंवा कॅडीचा मुलगा जो कोर्सवरच मोठा झालाय आणि खेळ कमालीचा आहे पण कागद इंग्रजीत वाचून पहिल्यांदा समजत नाही, त्याला रेफरी इंग्रजीत "यू आर ऑन द क्लॉक" म्हणून निघून गेला तर त्याने काय समजायचं? कागद मराठीत आणि हिंदीतही असावा, आणि वॉर्निंग देताना तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: तुझा ग्रुप मागे आहे, आता तुझी वेळ मोजतोय, पाळी आल्यापासून ४० सेकंद. मग एक वाईट वेळ लागली की तेही लगेच, शॉटनंतर, शांत आवाजात. आणि पोराने ऐकलं की नाही ते त्याच्या तोंडून वदवून घ्यावं. यात अपमान काही नाही, रेफरीने हे खाली वाकून, पोराच्या उंचीला येऊन सांगितलं तर अजून चांगलं.

मानासेरोच्या त्या निरीक्षणाकडे परत येतो, उत्तर माहीत असलेला प्रश्न कॅडीला विचारण्याच्या. बऱ्याच ज्युनियर स्पर्धांत लोकल रूलने कॅडीला बंदी असते, किंवा निदान आईवडिलांना कॅडी व्हायला बंदी असते. मी या बंदीच्या बाजूने आहे आणि त्याचं एक कारण वेगसुद्धा आहे. बाबा दोरीच्या पलीकडून फेअरवेच्या (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) कडेने चालतात आणि पोर प्रत्येक शॉटआधी त्यांच्याकडे बघतं, हे ज्याने पोरांची स्पर्धा बघितलीय त्याला माहीत आहे. बाबांनी बोटाने सात (म्हणजे ७ नंबरचा क्लब) दाखवले तर तो ॲडव्हाइस झाला, नियम १०.२, आणि पोराने तो मागितला असेल तर दंड पोराला. पण दंडाच्या आधीच वेळ गेलेली असते. दोन-तीन स्पर्धा एकट्याने क्लब निवडला की मूल आपोआप आधी विचार करायला लागतं, चालता चालताच ठरवतं. म्हणून कागदावर पालकांसाठी अंतर लिहावं, फेअरवेपासून इतकं लांब, ग्रीनजवळ यायचं नाही, खूण करायची नाही, आणि मोडलं तर काय ते पण. बॉल शोधायला मदत मात्र जरूर करू द्यावी, शोधायची वेळ आता पाचाऐवजी तीन मिनिटं आहे आणि रफमध्ये (उंच गवतात) दोन जास्तीचे डोळे सगळ्यांचाच वेळ वाचवतात.

आणि अगदी लहान गटाला, दहा वर्षांच्या आतल्यांना, घड्याळ लावूच नये असं माझं मत आहे. तिथे वेळ जातो तो विचारात नाही, शॉट मोजण्यात आणि बंकरमधून सहा वेळा मारण्यात जातो. त्यांच्यासाठी नियम २१.२ मधला मॅक्सिमम स्कोअर वापरावा, म्हणजे एका होलला जास्तीत जास्त, समजा पारच्या दुप्पट, पार ४ ला आठ झाले की बॉल उचल, कार्डावर आठ लिही आणि पुढच्या टी वर चल. हा स्ट्रोक प्लेचाच मान्य प्रकार आहे, त्यामुळे निकालाला कुणी हरकत घेऊ शकत नाही. शिवाय रेडी गोल्फ, जो तयार तो आधी मारेल, स्ट्रोक प्लेमध्ये सुरक्षित असेल तर त्याला पुस्तकाचाच पाठिंबा आहे. हे दोन्ही कागदावर पहिल्या पाच ओळींत असावं. घड्याळ त्यांना वरच्या गटात गेल्यावर भेटेल, आणि तेव्हा पहिल्या स्पर्धेत वॉर्निंगपर्यंतच थांबावं, दंड दुसऱ्या स्पर्धेपासून, पण हे "पहिल्या स्पर्धेत फक्त वॉर्निंग" सुद्धा लेखी हवं, नाहीतर एका रेफरीने सोडलं आणि दुसऱ्याने धरलं असं होतं आणि आपण पुन्हा ग्लेन डे आणि गुआनच्या वादात जातो.